विचारून सांगतो

कात्रजच्या डोंगराखाली बोटींची इंजिनं तयार व्हायची, असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "चालवून कुठं बघायचात? तलावात?" नोकरीच्या एकतीस वर्षांत हा विनोद मी इतक्या वेळा ऐकलाय, की कुठं हसायचं ते मला पाठ झालं आहे.

खरं उत्तर साधं आहे. मूळ इंजिन आम्ही बनवत नव्हतो, ते बाहेरून यायचं. ट्रकला, जनरेटरला, खडी फोडायच्या क्रशरला जे चालतं तेच. आमची कंपनी म्हणजे पत्र्याच्या दोन शेड आणि साठेक माणसं. आम्ही त्या इंजिनाला समुद्रात राहण्याजोगं करायचो. जमिनीवरचं इंजिन रेडिएटर आणि पंख्यानं थंड होतं. बोटीच्या पोटात वारा कुठला? तिथं समुद्राचंच पाणी पंपानं आत ओढायचं, त्यानं इंजिनातलं गोडं पाणी थंड करायचं आणि परत समुद्रात सोडून द्यायचं. एवढं एक तत्त्व कळलं, की आमचा धंदा तुम्हाला कळला. बाकी सगळा गंजाशी झगडा.

या शेड आंबेगावात आमच्याच भावकीच्या जमिनीवर उभ्या होत्या. जमीन गेली तेव्हा घरटी एकाला नोकरी मिळाली आणि आमच्या घरातून मी लागलो. आयटीआय झालेला होतो, म्हणून झाडू हातात न येता पाना आला. वडिलांना एकदा शेड दाखवायला नेलं. त्यांनी इंजिनाभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "ह्ये पान्यात जानार व्हय? मग बिगडलं तर मानूस कुठं उतरनार?" मी हसलो. इतका मुद्द्याचा प्रश्न मला पुढं कुठल्याच मीटिंगमध्ये ऐकायला मिळाला नाही.

माझं काम सर्व्हिसचं. बोट जिथं असेल तिथं पिशवी घेऊन जायचं. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो चोविसाव्या वर्षी, कामावर असताना, आणि पाहिल्यावर तासाभरात त्यात ओकलो. पुढं सवय झाली. कोकणातली लहानमोठी बंदरं पाठ झाली. माणसंही नाना तऱ्हेची भेटली. एक बोटमालक दर महिन्याला फोन करायचा, की इंजिनाचा आवाज उदास येतो. दोनदा जाऊन सगळं तपासलं, दोष काही सापडेना. तिसऱ्यांदा मी नुसती मंद गती जराशी वाढवून दिली. तो डोळे मिटून ऐकत राहिला आणि म्हणाला, आता बरं वाटतंय त्याला. या दिवाळी अंकासाठी असेच गमतीचे ग्राहक लिहून द्या, असं मला सांगण्यात आलं होतं. मी लिहायला बसलोही. पण दर वेळी दुसऱ्या पानावर एकच बोट आडवी येते, आणि ती बाजूला सारून पुढं जाणं मला जमत नाही. तेव्हा तिच्याबद्दलच लिहितो.

ती आमच्या कंपनीनं इंजिन बसवलेली पहिली मोठी पोलादी ट्रॉलर. ट्रॉलर म्हणजे समुद्राच्या तळाशी जाळं ओढत नेणारी बोट. तोवर आम्ही लाकडी आणि फायबरच्या बोटींना इंजिनं देत होतो. ही वेगळीच चीज होती. जाळं ओढायला तेलाच्या दाबावर चालणारं यंत्र, मासे ठेवायला बर्फाशिवाय गार राहणारी खोली, केबिनमध्ये तीन पडदे: एकावर नकाशा, एकावर आजूबाजूच्या बोटी, एकावर पाण्याखालचा मासा. इंजिनही नव्या पद्धतीचं, कॉम्प्युटरवर चालणारं. बोट ताब्यात देताना दोन दिवस तिच्याबरोबर समुद्रात राहून सगळं शिकवून यायचं, असं ठरलं. मी उलटीच्या गोळ्या घेऊन रत्नागिरीकडं निघालो.

मालक शहरात राहणारा, बोटीवर कधीमधी येणारा. समुद्रातला खरा मालक तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान. त्यांचं नाव हिराजी. पंचावन्नच्या आसपासचे, बुटके, इस्त्रीचा शर्ट, चष्मा दोरीनं गळ्यात. केबिनच्या दाराशी त्यांनी मला बूट काढायला लावले. मला वाटलं आत देव असेल. देव होताच, पण कारण ते नव्हतं. ते म्हणाले, बुटातून इंजिन कळत नाही. दुपारी मी पॅनेलवरचे आकडे समजावून सांगत असताना ते मध्येच म्हणाले, की उजव्या अंगाला थरथर जरा जास्त लागतेय. माझ्या पडद्यावर सगळं ठीक होतं. तरी खाली उतरून पाहिलं, तर इंजिनाच्या उजव्या बाजूच्या पायाचा एक बोल्ट अर्धा फेरा ढिला. मी वर येऊन सांगितलं. ते नुसते हं म्हणाले.

खाली इंजिनपाशी असायचे महादेव. बोटीवर इंजिन सांभाळणाऱ्याला ड्रायव्हर म्हणतात. चाळिशीचे, नववीपर्यंत शिकलेले, अक्षर मोत्यासारखं. दर तासाला तापमान, तेलाचा दाब, फेरे, सगळं वहीत लिहायचे. माझ्या हाताखाली तयार झालेल्या पोरांनी अशी वही कधी ठेवली नाही. सांगितलेली गोष्ट ते परत एकदा स्वतःच्या शब्दांत म्हणून दाखवायचे आणि मग ती कधीही मोडायचे नाहीत. असा माणूस मिळाला की सर्व्हिसवाल्याला बरं वाटतं. मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाळं वर घेतलं. यंत्रानं ते मुकाट ओढून आणलं, पूर्वी ज्याला आठ माणसं लागत ते दोन माणसांनी केलं. मी मोबाइलवर फोटो काढायला उभा. जाळ्याची गाठ सोडली आणि डेकवर ढीग पडला. त्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या, एक फाटकी ताडपत्री, घमेलंभर जेलीफिश आणि बोटाएवढ्या माशांचा चिखल. मोठे मासे त्यात शोधावे लागत होते. खलाशी खाली बसून निवडायला लागले. हिराजींनी एक पिल्लू उचललं, तळहातावर ठेवलं आणि मला दाखवत म्हणाले, "ही बघा साहेब. ही अजून शाळेत जायची होती."

मग ते बराच वेळ बोलत राहिले. लहानपणी वडिलांबरोबर शिडाच्या होडीतून ते जिथं जात, तिथून किनाऱ्यावरची माणसं ओळखू यायची, आणि होडी भरायची. आता दोन दिवस लांब यायचं, डिझेल जाळायचं, आणि आणायचं काय, तर खताच्या कारखान्याला घालायचा हा चिखल. मी म्हटलं, एवढे पडदे आहेत की. ते म्हणाले, "पडद्यावर मासा दिसतो. समुद्रात नाही." हे बंद करावं असं वाटत नाही का, असंही मी विचारलं. त्यांनी खांदे उडवले. आपण थांबलो तर दुसरा ओढणार, आणि तोही असंच म्हणणार. निवडून उरलेलं खलाशांनी फावड्यानं परत पाण्यात लोटलं. त्यातलं पोहत काहीच गेलं नाही.

त्याच दुपारी तो प्रसंग घडला. बोट पूर्ण वेगात होती आणि पॅनेलवर पिवळा दिवा लागला. तापमान चढत होतं. मग इंजिनाचा आवाज आपोआप खाली आला, मिनिटाला अठराशे फेऱ्यांवरून हजारावर, आणि बोट दमलेल्या म्हशीसारखी संथ झाली. मला भीती वाटली नाही, उलट आनंद झाला. न मागता प्रात्यक्षिक मिळालं. मी सगळ्यांना समजावलं: बोटीच्या तळाला जिथून समुद्राचं पाणी आत येतं, तिथं एक गाळणी असते. तिच्यात जेलीफिश किंवा प्लॅस्टिक अडकलं की पाणी कमी येतं आणि इंजिन तापतं. जुनं इंजिन तापून तापून जाम झालं असतं. हे शहाणं आहे. तापमान मोजणारी एक बारीक वायर त्याच्या डोक्यातून कॉम्प्युटरकडं जाते, आणि ताप वाढला की कॉम्प्युटर त्याला दमानं घ्यायला लावतो. इंजिन स्वतःला वाचवतं. महादेवांना मी ती वायरही हात लावून दाखवली. त्यांनी इंजिन बंद केलं, गाळणी उघडली, आतली जेली काढली, परत चालू केलं. पंधरा मिनिटं गेली. तेवढ्या वेळात बोट वाऱ्यानं कुठल्या कुठं सरकली होती, पण चारी बाजूंनी मोकळं पाणी होतं.

हिराजी केबिनमधून हे सगळं पाहत होते. संध्याकाळी चहा घेताना त्यांनी विषय काढला.

"हे बंदराच्या तोंडाशी झालं तर?"

मी म्हटलं, हेच करायचं, इंजिन बंद करून गाळणी साफ करायची.

"आणि वारा किनाऱ्याकडचा असला तर?"

मी प्रशिक्षणात देतो ते उत्तर दिलं. निघण्यापूर्वी गाळणी तपासायची, वेळोवेळी साफ ठेवायची, तशी वेळच येऊ द्यायची नाही. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

"मला एक बटण द्या," ते म्हणाले. "दाबलं, की त्यानं माझं ऐकायचं. मग जळलं तर जळू दे. इंजिन दुसरं मिळतं."

असं बटण देणं अवघड नव्हतं. मोठ्या जहाजांवर ते असतंच. पण आमचं पॅनेल मुळात जनरेटरसाठी केलेलं होतं. तिथं इंजिनानं जरा दम खाल्ला तर लिफ्ट थांबते, दिवे जातात, लोक शिव्या देतात, एवढंच. तेच पॅनेल डबा बदलून आम्ही बोटीवर लावलं होतं. मला हे माहीत होतं. मी हिराजींना सांगितलं, की ते माझ्या हातात नाही, मी वर कळवतो. आणि कामाच्या रीतीप्रमाणे पॅनेलच्या दाराला आणि वायरींच्या जोडाला शिशाची सीलं ठोकली. महादेवांना बजावलं: सील तुटलं की वॉरंटी संपली. काहीही झालं तरी याला हात लावायचा नाही, आधी मला फोन करायचा. त्यांनी ते वाक्य परत म्हणून दाखवलं.

पुण्यात आल्यावर अहवालात मी एक ओळ लिहिली, की ग्राहकाला संरक्षण बंद करण्याचं बटण हवं आहे. डिझाइनचे प्रमुख परांजपे साहेब नारायण पेठेतले, हुशार माणूस, शब्द मोजून वापरणारा. त्यांनी ती ओळ वाचली आणि चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "त्यांना म्हणावं, समुद्र तुम्ही सांभाळा, इंजिन आम्ही सांभाळतो." खोलीतले सगळे हसले. मीही हसलो. मी तिथं म्हणायला हवं होतं, की साहेब, एकदा चला बोटीवर, बूट काढून उभे राहा आणि मग बोला. पण मी हसलो आणि अहवाल फायलीत गेला.

पावसाळा संपून मासेमारीचा नवा मोसम सुरू झाला होता. दुपारी साडेबाराची वेळ. मी कँटीनमध्ये हात धुवून ताटावर बसत होतो आणि हिराजींचा फोन आला. मागे वाऱ्याचा आवाज इतका होता, की पहिली दोन वाक्यं कळलीच नाहीत. मग कळलं. हवा अचानक बिघडली म्हणून सगळ्या बोटी परत येत होत्या. बंदराच्या तोंडाशी, डोंगराचं टोक समुद्रात येतं तिथं, इंजिन हजारावर उतरलं होतं. वारा आणि लाटा त्यांना खडकाकडं ढकलत होत्या.

मी विचारलं, गाळणी साफ करता येईल का.

"त्याला इंजिन बंद करायला लागतं, साहेब. खडक दिसतोय मला."

त्यांचा आवाज चढलेला नव्हता, हे मला आजही आठवतं. वेगात मागे न्यायला अठराशे फेरे लागतील, हजारात बोट जागची हलत नाही, एवढं त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, "ती वायर, तुम्ही दाखवलेली. ती काढू काय?"

आता नीट सांगतो. ती वायर काढली की कॉम्प्युटरला तापमान कळेनासं होतं. मग दोनपैकी एक होणार. एक तर तो घंटा वाजवून इंजिन तसंच चालू देणार, पूर्ण ताकदीनं. किंवा तो घाबरून इंजिन साफ बंद करणार. दोन्ही प्रकारची पॅनेलं बाजारात असतात. आमचं कुठल्या प्रकारचं, ते पुस्तकात लिहिलेलं नव्हतं, आणि आम्ही कधी करून पाहिलं नव्हतं. एकवीस वर्षं मी त्या इंजिनांत हात घातलेला होता, आणि एवढी गोष्ट मला माहीत नव्हती.

मी म्हटलं, "थांबा. हात लावू नका. विचारून सांगतो."

परांजपे साहेब काचेच्या खोलीत पाहुण्यांबरोबर बसले होते. मी काचेवर बोटानं वाजवलं. त्यांनी हात वर करून थांबायची खूण केली. आणि मी थांबलो. दार ढकलून आत जायला मला कुणी अडवलेलं नव्हतं, त्याला कडीही नव्हती. मी हातात फोन धरून दाराबाहेर उभा राहिलो, कारण साहेबांनी थांब म्हटलं होतं. दोन मिनिटांनी ते बाहेर आले. मी घाईघाईनं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनाही माहीत नव्हतं. म्हणाले, बहुधा चालू राहील, पण खात्री नाही. मी तिथूनच फोन लावला. बेल वाजत राहिली. दुसऱ्यांदाही वाजत राहिली. तिसऱ्यांदा फोन बंद असल्याचं सांगणारी बाई बोलायला लागली.

संध्याकाळपर्यंत सगळं कळलं. बोट खडकावर आडवी आपटली आणि फुटली. दहाजण होते. मागून आलेल्या दोन बोटींनी दोर टाकून सात जणांना ओढून काढलं, त्यात महादेव होते. हिराजी केबिनमधून बाहेर आलेच नाहीत. दोन खलाशी गेले. त्यातला एक नेपाळचा होता, आणि बोटीच्या यादीत त्याचं नाव चुकीचं लिहिलेलं निघालं, त्यामुळं त्याच्या घरी कळवायला आठ दिवस लागले.

मी त्या संध्याकाळी घरी जाऊन जेवलो. बायकोनं विचारलं काय झालं, तर सांगितलं की एका बोटीला अपघात झाला. तिनं विचारलं, तुमचं इंजिन होतं का. मी हो म्हटलं. पुढं तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

काही आठवड्यांनी ओहोटीला खडकातून इंजिन काढलं आणि ट्रकमध्ये घालून कात्रजला आणलं. ते उघडून तपासायचं होतं, आणि मालकाच्या वतीनं समोर हजर राहायला महादेव येणार होते. त्या सकाळी मी सगळ्यांच्या आधी शेडमध्ये गेलो. चाचणीच्या चौथऱ्यावर तसंच एक इंजिन जोडलेलं होतं, तेच पॅनेल, तोच कॉम्प्युटर. मी ते चालू केलं, थंड पाण्याचा नळ आवळला आणि त्याला तापू दिलं. पिवळा दिवा लागला. फेरे हजारावर उतरले. मग मी ती वायर ओढून काढली.

घंटा वाजायला लागली. आणि इंजिन अठराशेवर गेलं.

मी घड्याळ लावून उभा राहिलो. अकरा मिनिटं ते पूर्ण ताकदीनं चाललं. बाराव्या मिनिटाला मीच बंद केलं, कारण पत्र्याखाली जळका वास यायला लागला होता. खडकापासून मोकळ्या पाण्यात जायला हिराजींना चार मिनिटं पुरली असती. मी वायर परत जोडली, नळ सोडला, आणि चौथरा पुसून काढला. परांजपे साहेबांना त्या दिवशी मी हे सांगितलं नाही. पुढं आठ दिवसांनी सांगितलं. ते खुर्चीत बसून राहिले आणि म्हणाले, कागदावर नको.

महादेव एसटीनं स्वारगेटला उतरून आले होते. हाताला अजून पट्टी होती. आम्ही त्यांच्यासमोर इंजिन उघडलं. बाहेरून शेवाळ, वाळू, गंज. आत समुद्राचं पाणी शिरून जिथं तिथं तपकिरी डाग पडलेले. पण तापून जाम झाल्याची एकही खूण नव्हती. पिस्टनवर ओरखडा नाही, बेअरिंग शाबूत. धुऊन, तेल घालून ते परत चालवता आलं असतं. कारागीर एकेक भाग पांढऱ्या कापडावर मांडत होते.

महादेवांनी विचारलं, "मग याला झालं काय होतं?"

मी म्हटलं, काही नाही. त्यानं स्वतःला वाचवलं.

ते मला बाजूला घेऊन गेले. शेडच्या मागं, डिझेलच्या पिंपांपाशी. तिथं त्यांनी मला जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. माझा फोन ठेवल्यावर हिराजी थोडा वेळ थांबले होते. मग त्यांनी वरून ओरडून सांगितलं होतं, वायर उपट. महादेव वायरीपाशीच उभे होते. त्यांनी ओरडून उत्तर दिलं, साहेबांनी हात लावू नका सांगितलंय. हिराजी पुन्हा ओरडले. महादेवांनी सील बोटांत धरलं होतं. मग पहिला दणका बसला.

"साहेब, मी उपटली असती तर?"

तो माणूस माझ्यापासून हातभर अंतरावर होता. डोळ्यांखाली काळं झालं होतं, गाल आत गेले होते. तो कित्येक आठवडे झोपला नव्हता हे सांगायला लागत नव्हतं. मी म्हटलं, "उपटली असती तर इंजिन पूर्ण बंद पडलं असतं. तुम्ही केलंत ते बरोबर केलंत."

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि पिंपावर बसले. मला वाटलं, निदान एक माणूस तरी वाचला. त्याच वेळी हेही कळत होतं, की या खोट्यात मीसुद्धा लपतोय. त्यांनी वायर उपटून काही झालं नसतं, तर मी सांगूनही काही झालं नसतं. एकाच वाक्यात आम्ही दोघं निर्दोष सुटलो. यातलं किती त्यांच्यासाठी होतं आणि किती माझ्यासाठी, ते मी आजवर वेगळं करू शकलेलो नाही.

अहवालात लिहिलं गेलं, की इंजिन आणि पॅनेल अपेक्षेप्रमाणे चालली. ते खरं होतं. खाली सही माझी आहे.

पुढच्या वर्षापासून बोटींच्या प्रत्येक पॅनेलवर बटण आलं. लाल झाकण उचलायचं आणि दाबायचं. दोन गाळण्याही बसवायला लागलो, म्हणजे एक तुंबली तर दुसरी चालू ठेवता येते. कंपनीच्या वार्षिक समारंभात ही सूचना पहिल्यांदा लेखी दिल्याबद्दल माझा सत्कार झाला, शाल आणि भिंतीवरचं घड्याळ. जुन्या अहवालातली ती एक ओळ परांजपे साहेबांनी माइकवरून वाचून दाखवली. टाळ्या वाजल्या. मी खाली उतरून पहिल्या रांगेत बसलो. नवीन माणसांना ते बटण शिकवण्याचं काम माझ्याकडं आलं. मी ते नीट शिकवत असे. कुणी विचारलं की हे आधी का नव्हतं, तर सुचलं नव्हतं असं सांगत असे.

तीन वर्षांनी एका सकाळी महादेवांचा फोन आला. मधल्या काळात ते दर दिवाळीला फोन करत, पोरीच्या लग्नाला मी जाऊनही आलो होतो. ते परत बोटीवर जायला लागले होते, आणि आता एका नव्या बोटीवर लागले होते. तिच्यावर आमचंच इंजिन होतं. त्यांनी माझी चौकशी केली, पावसाची चौकशी केली. मग म्हणाले, लाल बटण बघितलं. चांगलं आहे. आतली जोडणी कशी आहे ती बघावी म्हणून पॅनेल उघडलं, सील काढलं, रागावू नका.

मी म्हटलं, रागावत नाही.

"बटणाच्या मागं एकच वायर आहे, साहेब. बटण दाबलं की ती तुटते, बाकी काही होत नाही. तापमानाची वायर."

मला खोटं बोलायला अजूनही जागा होती. नवीन कॉम्प्युटर वेगळा आहे असं सांगता आलं असतं, आणि कदाचित त्यांनी ते मानलंही असतं. पण कॉम्प्युटर तोच होता, आणि माझ्यात तेवढं बळ उरलं नव्हतं.

"म्हणजे त्या दिवशी चाललं असतं," ते म्हणाले.

"हो."

"तुम्हाला माहीत होतं? मी कात्रजला आलो तेव्हा?"

"त्याच दिवशी सकाळी करून बघितलं होतं."

पलीकडून बंदरावरचे आवाज येत होते, कुणीतरी बर्फ फोडत होतं.

"बरं केलंत नाही सांगितलंत," महादेव म्हणाले. "तीन वर्षं झोप लागली."

त्यांनी फोन ठेवला. मी नंतर पुष्कळदा लावला. त्यांनी त्याच आठवड्यात बोट सोडली, हे मला मालकाकडून कळलं. दिवाळीला त्यांचा फोन आला नाही. मी केला, तो त्यांच्या बायकोनं उचलला. ते घरीच असतात, म्हणाली, अंगणात बसतात, कुणाशी बोलत नाहीत. काय झालं ते सांगतही नाहीत. मग तिनं मला विचारलं, की तुम्ही त्यांच्या ओळखीतले जुने, तुम्हाला काही माहीत आहे का.

मी नाही म्हटलं.